दहाची रेघ

चमचा पडला.

स्वयंपाकघरात इतकी शांतता होती की तो फरशीवर दोनदा उडालेलाही ऐकू आला. हेली रांता ओट्याशी पाठमोरी उभी राहून राईच्या पावाचे काप करत होती. तिने वळून पाहिलं, तर सहा वर्षांची विल्मा आपल्या डाव्या हाताकडे बघत बसली होती. तो हात दुसऱ्याच कुणाचा असावा, तसं. ब्लूबेरीच्या गरम साराचा जांभळा ओघळ टेबलाच्या कडेपर्यंत येऊन थांबला होता.

"काय झालं गं?"

"काही नाही. खांदा दुखतोय."

तासाभरापूर्वी ती अंगणात ढकलगाडी खेळत होती. दोन लांब पोलादी पट्ट्यांवर बसवलेली खुर्ची; मागचा दांडा धरायचा, एक पाय पट्टीवर ठेवायचा आणि दुसऱ्याने बर्फ रेटत सुटायचं. उतारावर बर्चचं खोड बर्फात बुडालेलं होतं, त्यावर गाडी अडली. गाडी थांबली, विल्मा थांबली नाही. दांडा पोटात बसला असणार. पण ती रडली नाही, कुठे खरचटलं नाही, आणि घरात आली ती थेट "भूक लागली" म्हणत. मग जे दुखत नव्हतं ते कुणी बघितलं नाही.

हेलीच्या सासूने, जिला विल्मा झाल्यापासून घरातले सगळेच मुम्मो, म्हणजे आजी, म्हणत, खांदा चाचपून पाहिला. "मुरगळलाय. बुधवार आहे, सौना तापलेलीच आहे. डांबराचं मलम चोळते आणि घेऊन बसते वर. वाफेने जे बरं होत नाही ते दुखणं निराळं."

हेलीलाही ते पटलं होतं. हेच तिला पुढे सारखं आठवत राहिलं. लॅपे रस्त्यावरच्या प्रत्येक घरात पडलेल्या पोराला लोकांनी हेच केलं असतं. वीस मिनिटांनी मुम्मोची हाक आली तेव्हा लाकडाच्या वरच्या बाकावर विल्मा भिंतीला टेकून बसली होती आणि तिचे ओठ मेणासारखे झाले होते. टॉवेलात गुंडाळून तिला गाडीत घातलं. बर्फाळ रस्त्यावरून शहरातलं हॉस्पिटल चाळीस मिनिटांवर. विल्माचा बाप आर्नी उत्तरेच्या खाणीवर पाळीला गेलेला, आणि वादळामुळे तिकडची विमानं बंद.

"पाणथरी फाटलीय, म्हणजे प्लीहा," डॉक्टर ओडील ब्युशां म्हणाल्या. बारीक चणीची बाई, आवाज खालचा. "पाचातली चौथी पायरी. आत रक्त साचतं, ते वर छातीखालच्या पडद्याला टोचतं, आणि मेंदूला वाटतं खांदा दुखतोय. शरीर पत्ता चुकतं कधीकधी. जखम एका घरी, बातमी दुसऱ्या घरी."

"मग ऑपरेशन?"

"पूर्वी लगेच काढून टाकायचे. आता आम्ही थांबतो. पाणथरी काढली तर ती आयुष्यभर साध्या साध्या तापाला घाबरत जगेल. बहुतेक पोरांची आपोआप सांधते. तिने हलायचं नाही, आम्ही बघत राहायचं. थांबणं हाच उपचार आहे, हेली. दिसायला सोपा. करायला नाही."

"आणि नाही सांधली तर?"

"तर रक्ताचा आकडा पडेल, नाडी पळेल, दुखणं सगळ्या पोटभर पसरेल. ते झालं की दहा मिनिटांत मी आत असेन."

हेली बंदरावरच्या धान्याच्या कोठारात गव्हाची प्रत ठरवायची. ताटलीत दाणे घ्यायचे, मोडके वेगळे, बुरशीचे वेगळे, आणि दिसेल तेवढंच लिहायचं. हिवाळ्यात जहाजं बंद, म्हणून ती घरी होती. बघत राहणं तिला जमत होतं. तिने खुर्ची पलंगाला लावली आणि बसली.

त्या वॉर्डाची एक रीत होती. पोट दर चार तासांनी दाबून बघायचं, पण दिवसभर एकाच हाताने. निरनिराळ्या हातांना निरनिराळं लागतं, फरक कळत नाही. पाळी बदलताना दोन नर्स एकत्र यायच्या. जाणाऱ्याचा हात पोटावर, त्यावर येणाऱ्याचा, आणि मग खालचा हात हळूच काढून घ्यायचा. दुखणं जिथे संपतं तिथे जांभळ्या पेनाने रेघ, रेघेशी वेळ. जुन्या रेघा पुसायच्या नाहीत. दुखणं पुढे सरकतंय की मागे, ते त्यांच्यावरूनच कळायचं.

दिवसाचा हात गॉर्डीचा होता. गॉर्डी मॅकरे पन्नाशीचा, दाराएवढा, आणि हात मात्र पिठाच्या गोळ्यासारखे मऊ.

"काय कप्तान," तो यायचा तेच बोलत, "आज पोटात कोण जिंकतंय?"

"हसवू नकोस. हसलं की दुखतं."

"मी कुठे हसवतोय? माझा चेहराच तसा आहे. आईला विचार."

खिडकीतून गोठलेलं सरोवर दिसायचं, आणि पलीकडे उताण्या झोपलेल्या माणसासारखा एक डोंगर. विल्मा तासन् तास त्याच्याकडे बघायची. "त्याला पण हलायची बंदी आहे," ती एकदा म्हणाली.

"त्याचं काय झालं," गॉर्डी रेघ ओढता ओढता म्हणाला, "त्याला घरी सोडायचं डॉक्टर विसरले."

गुरुवारी रेघ बेंबीपाशी होती. शुक्रवारी ती वर सरकली. रक्ताचा आकडा अठ्ठ्याण्णव, एक्क्याण्णव, अठ्ठ्याऐंशीपर्यंत उतरला आणि तिथे थांबला. शनिवारी दुपारी बाराला गॉर्डीने रेघ काढली ती थेट बरगडीखाली, मुठीएवढ्या जागेभोवती. "मागे हटतंय बघा," तो हेलीला म्हणाला. त्या दिवशी हेली पहिल्यांदा खाली जाऊन पर्शियन घेऊन आली. गुलाबी साखरेचा थर दिलेला तो गोड पाव विल्माला फक्त चाटायची परवानगी होती.

दोन वाजता ती ओल्या फडक्याने विल्माचं अंग पुसत होती. झगा वर केला आणि तिचा हात थांबला.

बेंबीच्या खाली, जिथे कधीच काही दुखलं नव्हतं तिथे, एक लांब जांभळी रेघ होती. या कमरेपासून त्या कमरेपर्यंत. टोकाशी लिहिलं होतं: रवि १०:००.

रविवार उद्या होता. आणि दहाला कुणीच तपासत नसे. तपासायच्या वेळा आठ, बारा, चार.

"विल्मा, ही कुणी काढली?"

विल्माने मान उचलून पाहिलं. "गॉर्डीने."

"कधी?"

"माहीत नाही. काढलेलीच आहे."

त्या दोन तासांत हेली एकदाच बाहेर गेली होती. पर्शियन आणायला गेली होती ती बारानंतर, दहा मिनिटं. तेवढ्यात कोण आलं असेल? तिने घंटा वाजवली.

गॉर्डी आला, वाकला, आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला.

"अक्षर माझं आहे," तो शेवटी म्हणाला. शून्याला वरून शेपटी काढायची त्याची सवय होती, ती या शून्यांनाही होती. त्याने खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं, बंद केलं. "पण मी काढली नाही. काढेन कशाला? इथे हिला दुखतच नाही. दुखतं का गं, कप्तान?"

त्याने रेघेच्या अलीकडे दाबलं, पलीकडे दाबलं.

"गुदगुल्या होतात."

गॉर्डी हसला, पण हेलीकडे न बघता.

डॉक्टर ब्युशां आल्या. त्यांनी रेघ पाहिली, गॉर्डीकडे पाहिलं. रक्त पुन्हा तपासलं: त्र्याण्णव, आधीपेक्षा चढलेलं. सोनोग्राफी केली: रक्त साचणं थांबलेलं. पोट मऊ, नाडी संथ.

"ही रेघ खरी असेल तर दुखणं सगळ्या पोटभर पसरलेलं असेल," हेली म्हणाली. "उद्या दहाला. तुम्हीच म्हणाला होतात, ते झालं की…"

"ते झालं की. झालेलं नाही."

"काढून टाका पाणथरी. आजच. मी सही करते."

"हेली." डॉक्टरांनी खुर्ची ओढली. "कागदावर ही मुलगी सुधारतेय. एका रेघेवरून मी तिचं पोट फाडू शकत नाही. गॉर्डी तीन दिवस सलग बारा तासांची पाळी करतोय. हात आपोआप चालला असेल. आणि तुम्ही कधीपासून झोपला नाहीत?"

हेली मोजायला लागली. बुधवारपासून, पण मधले दिवस तिला एकामागोमाग लागेनात. एक क्षण तिने आपल्याच हातांकडे पाहिलं. पेन गॉर्डीच्या खिशात होतं. ते तिने कधी घेतलं होतं का? शून्याला शेपटी तिला काढता आली असती का? दिसेल तेवढंच लिहायचं. दिसत तर रेघ होती.

"तशीच राहू द्या," डॉक्टर जाताना म्हणाल्या. "आमच्याकडे रेघा पुसत नाहीत."

साडेपाचला सरोवरावर काळोख उतरला. विल्मा जागी होती. हेलीने कपाटातल्या डब्यातून स्पिरिटची पट्टी काढली.

"आई, पुसू नकोस. गॉर्डी रागावेल."

"नाही रागावणार."

तिने आधी बाराच्या रेघेवर पट्टी फिरवून पाहिली. रंग हलला नाही. तीन दिवसांच्या रेघा कातडीत बसल्यासारख्या होत्या. मग तिने ती लांब रेघ पुसली. ती एकदा हात फिरवताच निघाली, ओल्या पाटीवरच्या खडूसारखी. आकडेही गेले. कातडीवर लालसर डागसुद्धा उरला नाही. सगळा जांभळा रंग पट्टीवर आणि तिच्या तळहातावर आला. पट्टी तिने स्वेटरच्या खिशात कोंबली. हात साबणाने धुतला, पुन्हा धुतला. रंग तसाच.

पोराचं दुखणं आपल्याला यावं असं म्हणणारी आई नवी नाही. हेलीने ते मोठ्याने म्हटलं नाही. पण ओला तळहात मांडीवर ठेवून ती बसली होती तेव्हा तिच्या मनात दुसरं काही नव्हतं, हेही खरं.

सातला पाळी बदलली. रात्रीची नर्स आली, गॉर्डीच्या हातावर तिने हात ठेवला, गॉर्डीने आपला हात खालून काढून घेतला. तेव्हा त्याला मोकळी जागा दिसली. त्याने हेलीकडे पाहिलं.

"बरं केलंत," तो हळूच म्हणाला. "मलाही आवडली नव्हती ती."

मग आवाज चढवून: "कप्तान, उद्या मला सुट्टी. सकाळी आम्हा म्हाताऱ्यांची हॉकीची मॅच."

"मला हॉकी कधी?"

"तीन महिने बर्फाचं नाव काढायचं नाही. मी आहे ना. तुझ्या वाट्याचं उद्या मी खेळतो."

विल्मा गंभीरपणे विचार करून म्हणाली, "बरं. खेळ."

निघताना त्याने हेलीचा हात हातात घेतला. मोठा, मऊ, गरम हात. दारात त्याने स्वतःचा तळहात उलटून पाहिला, "हे काय लावलंत," म्हणून हसला आणि तो आपल्या निळ्या झग्याला पुसला, डाव्या बाजूला, बरगडीखाली.

हेलीने दिव्याखाली आपला तळहात धरला. तो स्वच्छ होता.

रविवारी आठला लॉरेटा आली, दिवसाची नवी नर्स. पोट मऊ. आकडा पंच्याण्णव. "ही तर घरी जायच्या गोष्टी करायला लागेल," ती म्हणाली.

साडेनऊला मुम्मोचा फोन. "कशी आहे?"

"बरी आहे."

"मग तुझा आवाज असा का?"

"दहा वाजू देत," हेली म्हणाली. मुम्मोने का म्हणून विचारलं नाही. बुधवारच्या सौनेनंतर तिला फार विचारायचा धीर होत नसे.

पावणेदहाला विल्माने पॅनकेकचा तुकडा खाल्ला. हेलीने तिच्या मनगटावर बोटं ठेवली होती. नाडी ब्याऐंशी.

नऊ पंचावन्न. ब्याऐंशी.

भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा धक्के देत चालायचा. चार दिवसांत तिने तो ऐकला नव्हता.

दहा.

विल्माने चमचा खाली ठेवला.

"काय झालं? दुखतंय?"

"नाही." तिने डावा खांदा उचलला, सोडला, पुन्हा उचलला. बुधवारपासून तो हात तिने वर केला नव्हता. "गेलं."

"काय गेलं?"

"खांद्यातलं. आत्ता होतं, आता नाही."

दहा पाच. दहा दहा. नाडी ब्याऐंशी. पोट मऊ. हेलीने झगा वर केला, खाली केला. ती हसायला लागली आणि हसता हसता तिला हुंदका आला, आणि विल्मा म्हणाली, "आई, हसवू नकोस," आणि मग आश्चर्याने, "अगं, हसलं तरी दुखत नाही."

साडेदहाच्या सुमारास खाली अ‍ॅम्ब्युलन्सचा भोंगा ऐकू आला. येतच असतो.

बाराला लॉरेटा तपासायला आली नाही. सव्वाबाराला आली, तेव्हा तिचे डोळे लाल होते.

"गॉर्डीला आणलंय," ती म्हणाली. "मॅचमध्ये कुणाच्या तरी काठीचा दांडा पोटात बसला. आणि तो वेडा बाकावर बसून खांदा धरून होता. खांदा! सगळे जण खांद्यावर बर्फ लावत बसले. वीस वर्षं या वॉर्डात काढली, आणि त्याच्याही लक्षात आलं नाही."

"किती वाजता?"

"काय?"

"कधी लागलं त्याला?"

"काय माहीत. मॅच दहाला परत सुरू झाली म्हणाले, लगेचच." लॉरेटाने नाक पुसलं. "तुम्ही का विचारताय?"

हेलीने विल्माचा झगा वर केला.

विल्माचं पोट लॉरेटाने नीट तपासलं. मग पेन उघडलं आणि रेघ कुठे काढायची म्हणून शोधत राहिली. दुखणारी जागाच सापडेना.

संध्याकाळी हेलीने डॉक्टर ब्युशांना जिन्याजवळ गाठलं. "गॉर्डीचं ऑपरेशन झालं?"

"नाही. थांबलोय. आकडे धरून आहेत."

"थांबू नका. त्याचं दुखणं पोटभर पसरणार आहे. या कमरेपासून त्या कमरेपर्यंत."

डॉक्टर एक पायरी वर चढल्या होत्या, त्या तिथेच थांबल्या. त्यांचा चेहरा इतका थकलेला होता की हेलीला त्यांच्या वयाचा अंदाज येईना. "कशावरून?"

हेलीने तोंड उघडलं. एक रेघ होती. ती मी पुसली. ती माझ्या हाताला लागली. मग माझ्या हाताला राहिली नाही. यातलं प्रत्येक वाक्य खरं होतं, आणि सगळी एकत्र केली की त्यांचं काहीच होत नव्हतं.

"असंच वाटलं," ती म्हणाली.

"झोपा थोडं," डॉक्टर म्हणाल्या. पण त्या वर गेल्या नाहीत. क्षणभर उभ्या राहिल्या आणि वळून खाली, गॉर्डी होता त्या मजल्याकडे गेल्या.

मंगळवारी विल्माला सोडलं. कागदावर लिहिलं होतं: तीन महिने ढकलगाडी नाही, हॉकी नाही, उड्या नाहीत. गाडीत पोटावरचा पट्टा सैल. आर्नी रात्रीच्या विमानाने येणार होता. हेलीने विचारलं, तेव्हा लॉरेटा म्हणाली, "अजून थांबलेत. काल रात्री जरा पसरलं. पण थांबलेत." तिने विल्माला जवळ घेतलं आणि ती लगेच निघून गेली.

लिफ्टमध्ये एक बाई उभी होती, हातात कपड्यांची पारदर्शक पिशवी. आत हॉकीचा सदरा, खेळाडूंचे मोजे आणि सगळ्यांत वर नर्सचा निळा झगा. झग्यावर डाव्या बाजूला जांभळा डाग होता. हेली मजल्यांचे आकडे बघत राहिली. तिसरा. दुसरा. बाई कुणाला तरी फोनवर सांगत होती, "नाही गं, धुतला तरी निघत नाहीये."

गाडीतळावर बर्फ चमकत होतं. सरोवरापलीकडे तो डोंगर उताणा पडला होता. हेलीने विल्माला मागच्या सीटवर बसवलं, पट्टा पोटापासून दूर धरून लावला, मध्ये घडी केलेला टॉवेल घातला. पुढे बसून किल्लीसाठी खिशात हात घातला.

हाताला पट्टी लागली. शनिवारची. तिने ती बाहेर काढली आणि उलगडली.

पांढरी होती. दोन्ही बाजूंनी, घड्यांच्या आतसुद्धा, नुकती पाकिटातून काढावी तशी.

मागून विल्माचा आवाज आला. ती खिडकीतून हॉस्पिटलच्या काचा मोजत होती आणि मध्येच थांबली होती.

"आई, तू माझी रेघ पुसलीस ना… मग ती गेली कुठे?"